नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी? सशांच्या खाद्यातल्या वनस्पतींविषयी



संयोजकांनी आमची ओळख 'तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक' अशी करून दिली आणि लगेच आजचा विषय वाचला: सशांच्या खाद्यात मिसळायची वनस्पतिजन्य पूरकं. तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं, ते आम्हाला ऐकू आलं. (हशा) हसणं रास्तच आहे. आमच्या शास्त्रात ससा येतो तो शिंगासकट. जगात जे नाहीच, त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे शशशृंग, सशाचं शिंग. तीसेक वर्षं आम्ही ते शिंग शिकवलं. शिंग नसलेला, खरा ससा जवळून पाहिला तो निवृत्तीनंतर, गावी भावाच्या शेडमध्ये. तिथे आम्हा दोघा भावांनी सहा माद्या आणि एक नर पाळले होते.

पहिल्या पावसाळ्यात काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण आजचं सगळं बोलणं त्यातूनच आलेलं आहे. दूध तोडलेली चौदा पिल्लं होती. दोन-तीन पिल्लांना पातळ हगवण लागली. एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, "सर, औषधबिवषध नको. लसूण आणि ओवा वाटून पिण्याच्या पाण्यात टाका. नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही." आम्ही टाकलं. चार दिवसांत नऊ पिल्लं गेली. पशुवैद्य आले, त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर, पिल्लं पाणी किती प्यायली, ते मोजलंत का?" आम्ही भांड्याकडे पाहिलं. सकाळी भरलेलं भांडं संध्याकाळी जवळजवळ तसंच होतं. त्या उग्र वासाच्या पाण्याला पिल्लांनी तोंडच लावलं नव्हतं. हगवण लागलेलं लहान जनावर, आणि त्याचं पाणी आम्ही तोडलं होतं.

आता पिल्लं मूळ रोगाने गेली की पाण्यावाचून गेली, हे आम्हाला आजही ठामपणे सांगता येत नाही. का येत नाही, तेही पुढे येईलच. पण "अपाय तर होणार नाही" हे वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. आज आपण त्याच वाक्याची तपासणी करू.

सशाचं पोट

आधी सशाचं पोट समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट सोपी होईल. गाय-शेळीप्रमाणे ससाही चारा खातो, पण रवंथ करत नाही. गाईची आंबवण्याची टाकी पोटाच्या सुरुवातीला असते. सशाची शेवटाकडे असते. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे एक मोठी पिशवी असते, तिला उंडुक म्हणतात. माणसात ती नाममात्र असते. सशाच्या पचनसंस्थेत जो एकूण ऐवज असतो, त्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग एकट्या उंडुकात असतो. तिथे अब्जावधी जिवाणू चाऱ्यातले तंतू आंबवतात, ब जीवनसत्त्वं तयार करतात.

पण ही टाकी शेवटाकडे, मग तिथे तयार झालेलं अन्न अंगी लागणार कसं? निसर्गाची युक्ती बघा. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, गोल, जी आपल्याला पिंजऱ्याखाली दिसते. दुसरी मऊ, बुळबुळीत आवरणाची, घोसासारखी. ही दुसरी आपल्याला सहसा दिसतच नाही, कारण ससा ती गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो. किळस वाटायचं कारण नाही. त्याच्या दृष्टीने ते दुसऱ्यांदा वाढलेलं ताट आहे, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं असलेलं.

म्हणजे आपण ससा पाळतो तेव्हा खरं तर दोन गोष्टी पाळत असतो: ससा आणि त्याच्या पोटातली जिवाणूंची वसाहत. दुसरीला धक्का लागला की पहिला टिकत नाही. ससा उलटी करू शकत नाही. आतडं मंदावलं की गॅस धरतो, पोट फुगतं आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

दूध तुटण्याचे दिवस

सगळ्यांत धोक्याचा काळ म्हणजे दूध तुटण्याच्या आसपासचा. सशिणीचा गाभणकाळ साधारण 31 दिवसांचा. ती पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच पाजते, तेही तीन-पाच मिनिटं. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लं चारा कुरतडू लागतात आणि 28 ते 35 दिवसांच्या दरम्यान आपण त्यांना आईपासून वेगळं करतो.

प्रौढ सशाच्या जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की खाल्लेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. दूधपित्या पिल्लाच्या जठरात तेवढं आम्ल नसतं. मग त्याचं रक्षण कोण करतं? आईचं दूध. सशिणीच्या दुधातल्या चरबीत कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोन आम्लं भरपूर असतात. पिल्लाच्या जठरात ती मोकळी होतात आणि जंतूंना आवर घालतात. 1966 साली एका शोधनिबंधात या आम्लांची ओळख पटवली गेली. दूध तुटलं की हे संरक्षण जातं, आणि जठरातलं आम्ल तर अजून पुरतं वाढलेलं नसतं. मधले काही दिवस पिल्लू उघड्यावर असतं. आमची नऊ पिल्लं याच फटीत सापडली.

युरोपातल्या व्यावसायिक ससेपालनात ही फट प्रतिजैविकांनी बुजवली जात असे. 1996-97 च्या सुमारास फ्रान्समध्ये दूध तुटलेल्या पिल्लांमध्ये आतड्याचा एक भयंकर साथीचा रोग दिसू लागला आणि पुढे युरोपभर पसरला. त्यानंतर खाद्यातल्या औषधांवरचं अवलंबन आणखी वाढलं. दुसऱ्या बाजूने प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत होते, आणि ते गोठ्यापुरते थांबत नाहीत, माणसांपर्यंत येतात. स्वीडनने 1986 मध्येच वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी केली. संपूर्ण युरोपीय संघात ही बंदी 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण झाली. 2022 पासून तर रोग नसताना सरसकट कळपाला औषध देणंही तिथे बंद झालं. आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांसाठी बंद करण्यात आलं. हे सगळं योग्यच झालं.

पण औषध गेलं आणि फट राहिली. तिथे काय भरायचं, या प्रश्नातून वनस्पतींकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. थाइम, ओरेगॅनो, लसूण, चिकोरीतलं इन्युलिन, चेस्टनटचं टॅनिन, आणि आपल्याकडे हळद, ओवा, कडुनिंब, शेवगा.

'नैसर्गिक' हा हेतू

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. घाबरू नका, पाच मिनिटांत परत येतो. (हशा)

"हे पूरक निरुपद्रवी आहे, कारण ते नैसर्गिक आहे." न्यायशास्त्राच्या भाषेत हे अनुमान झालं. 'निरुपद्रवी' हे साध्य, 'नैसर्गिक' हा हेतू. हेतू खरा ठरायला व्याप्ती लागते, म्हणजे जे जे नैसर्गिक ते ते निरुपद्रवी असायला हवं. एक जरी उलटं उदाहरण सापडलं तरी हेतू सव्यभिचार होतो, म्हणजे भलतीकडेही आढळणारा, म्हणून निकामी.

उलटी उदाहरणं शोधायला लांब जायला नको. बांधावरची कण्हेर नैसर्गिक आहे. ओढ्याकाठची बेशरम नैसर्गिक आहे, माळावरची घाणेरी नैसर्गिक आहे. तिन्ही जनावरांना विषारी. हल्ली आपल्याकडे ॲव्होकॅडोची लागवड होऊ लागली आहे. त्याची पानं सशाला घातक आहेत. माणूस त्याचा गर आवडीने खातो, हा भाग वेगळा.

आता सर्वांत महत्त्वाचं उदाहरण. पेनिसिलिन कुठून आलं? बुरशीतून. टेट्रासायक्लिन गटातली पहिली औषधं मातीतल्या जिवाणूंपासून मिळाली. ज्या प्रतिजैविकांना आपण 'रासायनिक' म्हणून नाक मुरडतो, त्यातली कितीतरी मूळची निसर्गाचीच. आणि हेच पेनिसिलिन किंवा त्याचं भावंड अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर ससा मरू शकतो. माणसाच्या बाळाला चालणारं औषध सशाला चालत नाही, कारण ते उंडुकातली उपयोगी वसाहत मारतं; मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष सशाला संपवतं. घरातल्या मुलाच्या औषधाची बाटली सशाला पाजणारी भली माणसं आम्ही पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

मग ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल यांचीही ख्याती जंतू मारण्याचीच आहे ना? तर लगेच विचारायला हवं: कोणते जंतू? किती मात्रेला? उंडुकातल्या वसाहतीचं काय? जे काही करू शकतं, ते अपायही करू शकतं. ज्याने अपाय होणं शक्यच नाही, त्याने बहुधा उपायही होत नाही. चरकसंहितेत हाच विचार आहे: युक्तीने वापरलं तर तीक्ष्ण विषही औषध होतं आणि वाईट रीतीने वापरलं तर औषधाचंही विष होतं. म्हणजे 'नैसर्गिक तेवढं सुरक्षित' ही समजूत आपल्या परंपरेची आहे असं म्हणून तिच्यावर ढकलू नये.

नैयायिकांनी आणखी एक शब्द दिला आहे, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. लालबुंद लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो. धूर यायला ओलं इंधन लागतं. न सांगितलेली ही अट म्हणजे उपाधी. कुणी म्हणालं, "ओव्याने पिल्लं वाचतात," की आपण उपाधी विचारायची: कोणत्या वयाची, किती मात्रेत, कशातून, बरोबर चारा कोणता होता?

प्राण्याची जात हीसुद्धा उपाधीच. बेलाडोना ही धोतऱ्याच्या कुळातली विषारी वनस्पती. काही सशांच्या रक्तात तिचं विष, ॲट्रोपीन, मोडणारं विकर असतं, त्यामुळे ते तिची पानं खाऊनही ठणठणीत राहतात. सगळे ससे मात्र नाही. हा आनुवंशिक गुण आहे. तेव्हा 'शेळीला चालतं, सशालाही चालेल' हे चालणार नाही, आणि 'त्यांच्या सशाला चाललं' हेसुद्धा पुरेसं नाही.

एकेक वनस्पती

ओवा आधी घेऊ. ओव्याच्या दाण्यात साधारण 2 ते 4 टक्के तेल असतं आणि त्या तेलात सुमारे 35 ते 60 टक्के थायमॉल. आता हिशेब करा. दहा ग्रॅम ओव्यात कमीत कमी 70 मिलिग्रॅम थायमॉल आणि जास्तीत जास्त 240. तिपटीहून अधिक फरक, आणि चमचा तोच! वाण, जमीन, साठवण, दळून किती दिवस झाले, यावर सगळं अवलंबून. उडनशील तेल आहे ते. उघड्या डब्यातून उडून जातं. कारखान्यात बनलेल्या पूरकात निदान मात्रा ठरलेली असते, तेवढा त्याचा फायदा.

लसूण. अखंड पाकळीत ॲलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की दोन घटक एकत्र येऊन ते तयार होतं, आणि लवकर मोडतं. शिवाय कांदा-लसणाचं प्रमाण वाढलं तर जनावरांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आणि वासाने पाणी तुटतं, ते आम्ही सांगितलंच. जाता जाता, लसूणघासाच्या नावात लसूण असली तरी त्याचा लसणीशी संबंध नाही; तो द्विदल चारा आहे. प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगितलं.

हळद. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं. तेव्हा हळदीने सशाच्या अंगभर अमुक झालं, असं कुणी सांगितलं तर थोडं थांबून विचारावं.

शेवगा. वाळवलेल्या पाल्यात 25 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे शेवगा चिमूटभर घालायचं पूरक असण्यापेक्षा सरळ खाद्यच आहे. महाग पेंडीचा काही भाग त्याने भरून निघतो, आणि आम्हाला विचाराल तर या यादीतला हा सर्वांत प्रामाणिक सौदा आहे. पण तोही हळूहळू वाढवावा, सावलीत वाळवून.

टॅनिन थोडं असलं तर उपयोगी पडेल, जास्त झालं तर प्रथिनांना बांधून ठेवतं. थाइमचे प्रयोग इटली-हंगेरीकडे झाले आहेत. त्यांत मांसातली चरबी खवट होण्याचं प्रमाण कमी होणं, असे फायदे नोंदले गेले. तेही मोलाचे आहेत. पण मांस जास्त दिवस टिकणं आणि पिल्लू न मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर पहिली छापून दुसरी विकली जाते, तिकडे लक्ष ठेवा. युरोपीय कायद्यात अशी बरीच वनस्पती-तेलं 'स्वाद आणणारे पदार्थ' या सदराखाली मोडतात. स्वाद म्हणून मान्यता मिळणं म्हणजे औषध म्हणून सिद्ध होणं नव्हे.

कावळा आणि फांदी

पण मंडळी, अनुभवी माणसं शपथेवर सांगतात की कडुनिंबाने रोग हटला. ती खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना काकतालीय न्याय भोवतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

कॉक्सिडिओसिसचं उदाहरण घ्या. लेंडीतून बाहेर पडलेली त्याच्या परजीवीची अंडपेशी लगेच रोग देऊ शकत नाही. तिला ऊब, ओल आणि जातीप्रमाणे साधारण दीड ते चार दिवस लागतात. म्हणून हा रोग पावसाळ्यात फोफावतो. आता सप्टेंबरअखेर तुम्ही कडुनिंब सुरू केलात, ऑक्टोबरात ऊन पडलं, जमीन वाळली, रोग ओसरला. श्रेय कुणाला? कडुनिंबाला! आणि पुढल्या जुलैत त्याच भरवशावर राहून पिल्लं जातात. रोज लेंड्या काढल्या, जागा कोरडी ठेवली, तर तो परजीवी तयार व्हायच्या आधीच बाहेर जातो. झाडू हे सर्वांत स्वस्त पूरक आहे. रोग झालाच तर मात्र पशुवैद्याचं औषध; तिथे काढे पाजत वेळ घालवू नये.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे होतं, आणि ते नसताना हे होत नाही, दोन्ही पाहायचं. आम्ही चौदाच्या चौदा पिल्लांना लसूण-ओव्याचं पाणी दिलं. व्यतिरेक ठेवलाच नाही. सात पिल्लांना साधं पाणी दिलं असतं, तर आज काहीतरी बोलता आलं असतं, आणि कदाचित त्यातली काही जगलीही असती. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं, ते शेडमध्ये विसरलो.

तुम्ही करणार असाल तर असं करा. प्रत्येक वेताची पिल्लं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा, कारण आईचा गुण दोन्हीकडे सारखा जायला हवा. खाद्य, पाणी, जागा सारखी; फरक फक्त पूरकाचा. पूरक पाण्यात घालू नका, खाद्यात घाला, आणि साधं पाणी कायम समोर असू द्या. खाल्लेलं खाद्य रोज मोजा, आठवड्याला वजन करा, मेलेली लिहून ठेवा. एका वेतावरून निकाल लावू नका. दहा-दहा पिल्लांत इकडे एक मेलं आणि तिकडे तीन, हा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. पाच-सहा वेतं, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा, एवढं धरून बघा.

शेवटचा प्रश्न

समोरच्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, मग ओवा द्यायचा की नाही, ते एका वाक्यात सांगा." एका वाक्यात आम्हाला कधी जमलं नाही, ताई. (हशा) पण क्रम सांगतो.

पहिला तंतू. दूध तुटलेल्या पिल्लाच्या खाद्यात 14 ते 16 टक्के कच्चे तंतू असावेत आणि वाळलेलं चांगलं गवत कायम समोर असावं. दुसरं, बदल सावकाश. नवं खाद्य आठवडाभरात जुन्यात मिसळत आणायचं. तिसरं, दूध तुटल्यावर अधाशासारखं खाऊ द्यायचं नाही. फ्रान्समधल्या अभ्यासात या दिवसांत खाद्य थोडं हात राखून दिल्याने मरतूक कमी झालेली आढळली आहे. चौथं, स्वच्छ पाणी आणि कोरडी जागा. हे चारही झालं असेल, तर मग ओवा, शेवगा, जे हवं ते, थोड्या मात्रेत, अर्ध्या पिल्लांना देऊन बघा. हे चार झालेलं नसेल तर ओव्याकडून अपेक्षा ठेवू नका. आणि झालेलं असेल, तर त्याची गरज किती कमी उरते तेही तुम्हाला दिसेल.

आमच्याकडे आता पाच माद्या आहेत. शेवग्याचा पाला चालू आहे, लसूण फक्त आमच्या ताटात असते. पिल्लं अजूनही कधी कधी जातात. पण आता गेलं की आम्ही वही उघडतो. त्या दिवशी किती खाल्लं, किती प्यायलं, ते तिथे लिहिलेलं असतं.